चावी कुणाकडे, नाव कुणाचे?

श्रोतेहो, वैजापूरच्या बाजारात लावलेल्या मोटरसायकलींचे कागद कुणी तपासले, तर चालवणारा एक आणि कागदावरचे नाव वारलेल्या वडिलांचे, अशा गाड्या त्यांत सापडतील. चावी खुंटीला होती, मुलाने घेतली, गाडी चालू लागली. कुणी काही म्हणत नाही. पण अपघात झाला म्हणजे प्रश्न येतो, मालक कोण? मागे राहिलेल्या मिळकतीचा विचार आज शेतापासून न करता या गाडीपासूनच करू.

गाडीच्या नोंदणीपत्रात सी. सी.चा आकडा असतो. सी. सी. म्हणजे घन सेंटीमीटर. नळकांड्यात दट्ट्या खालीवर होतो, तो एका खेपेत जेवढी जागा व्यापतो तिचे हे घनफळ. शिक्षकबंधूंनी हे गणित वर्गात जरूर घालावे. नळकांड्याचा व्यास ५ सेंटीमीटर, दट्ट्याची धाव ४.९५. अडीचाचा वर्ग सव्वासहा, त्याला ३.१४ ने आणि मग ४.९५ ने गुणा. उत्तर येते सुमारे ९७. आपण जिला ‘शंभरची गाडी’ म्हणतो ती हीच! मात्र सी. सी. म्हणजे वेग नव्हे. जुनी बुलेट साडेतीनशेची, पण आजची दोनशेची गाडी तिच्या पुढे निघून जाते, कारण तिचे इंजिन जास्त फेरे घेते.

या आकड्याला कायद्यातही काम आहे. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा जो सक्तीचा विमा, त्याचा हप्ता ७५, १५० आणि ३५० सी. सी. या पायऱ्यांवर वाढतो. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सी. सी.पर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचाच. तेव्हा आजोबांनी शंभरची गाडी नातवाला लिहून दिली, तरी अठरा पुरी होईपर्यंत त्याने ती रस्त्यावर काढायची नाही.

मालक वारला, तर ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे आणि तीन महिन्यांच्या आत मृत्यूच्या दाखल्यासह ३१ नंबरचा अर्ज करून गाडी नावावर करून घ्यावी. २०२१ पासून नोंदणीपत्रातच वारसदार म्हणून एक नाव नेमून ठेवता येते.

पण नेमलेले नाव म्हणजे मालकी, असा समज फार पसरला आहे. बँकेच्या पासबुकावर धाकट्याचे नाव नेमले, तर पैसे उचलण्याचा अधिकार त्याला मिळतो. पैसे मात्र साऱ्या वारसांचे राहतात. ‘कालनिर्णय’चे जयंत साळगावकर यांच्या मागे शेअरांबाबत हाच वाद उभा राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नेमलेल्या नावाने वारसाहक्क डावलता येत नाही. सातबाऱ्याचेही तसेच. चावडीवर वारसनोंद वेळेवर करावी हे खरे, पण ती नोंद मालकी निर्माण करीत नाही.

मृत्युपत्र केलेले नसेल, तर हिंदू पुरुषाची स्वतःची मिळकत १९५६ च्या कायद्याने बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखी जाते. वडिलोपार्जित जमिनीत २००५ पासून मुलीला जन्मतःच हक्क आहे. बाप आधी वारला असला तरीही, असे न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. साडीचोळी देऊन बहिणीकडून हक्कसोड लिहून घेण्याची आपल्याकडची घाई मला तरी रुचत नाही. सोडायचे काय, त्याचा भाव काय, हे तिला आधी कळू द्या.

मृत्युपत्राला स्टँप लागत नाही. साधा कागद चालतो. दोन साक्षीदारांदेखत सही किंवा अंगठा करावा आणि त्यांनी आपल्यासमोर सह्या कराव्या. ज्याला काही मिळणार, त्याला साक्षीदार न केलेले बरे. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे ती केली म्हणजे मागची भांडणे कमी होतात. जिवंतपणी मृत्युपत्र कितीदाही बदलता येते. वडिलोपार्जितातला मात्र आपला हिस्साच देता येतो. मुसलमान बांधवांना, वारसांची संमती नसेल तर, एक तृतीयांशापर्यंतच देता येते.

लिहिताना ‘माझी गाडी’ एवढेच लिहू नये. नोंदणीचा नंबर, चासीचा नंबर लिहावा. शेताचा गट नंबर, विहिरीतला हिस्सा, पाळीचे दिवस लिहावे. आणि गाडीवर कर्ज राहिले असेल, तर उरलेले हप्ते कुणी भरायचे, तेही त्याच कागदावर लिहावे.