कुलमुखत्यारपत्र: सहीआधी एवढे वाचा

मुलगा परदेशी, फ्लॅट पुण्यात, आणि दस्तनोंदणीला हजर राहणे अशक्य. अशा वेळी मुखत्यारपत्र उपयोगी पडते. आपल्या नावाने ठरावीक कामे करण्याचा अधिकार त्याद्वारे दुसऱ्याला मिळतो. मालकी मात्र आपलीच राहते. कुलमुखत्यारपत्राने व्यवहाराचे व्यापक अधिकार जातात, खास मुखत्यारपत्राने नेमक्या कामापुरते. माझे स्पष्ट मत असे की, एकच काम असेल तर खासच द्यावे आणि मिळकतीचा गट क्रमांक किंवा फ्लॅट क्रमांक, कामाचे स्वरूप व मुदत त्यात लिहावी.

परदेशात केलेले पत्र तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे. ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.

केवळ कुलमुखत्यारपत्रावर घर ‘विकत’ घेऊ नका. अशा कागदाने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे.

घरच्यांना सहसा ठाऊक नसलेली गोष्ट वेगळीच आहे. देणाऱ्याचा मृत्यू झाला की सर्वसाधारण मुखत्यारपत्र संपते. त्याची समज पूर्ण गेली तरीही संपते. म्हणजे स्मृतिभ्रंश बळावलेल्या आईच्या जुन्या पत्रावर तिचे खाते चालवत राहणे कायद्याला धरून नाही. मग न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो.

विश्वास उडाला तर लेखी रद्दपत्र करा, आणि ते मुखत्याराबरोबरच बँक, सोसायटी व संबंधित निबंधक कार्यालयालाही लगेच कळवा.