'पिण्यास योग्य' हे ठरवतो कोण?

पाणी तपासणीचा कागद हाती आला की आपली नजर थेट शेवटच्या शेऱ्यावर जाते. 'पिण्यास योग्य' असे दिसले की आपण कागदाची घडी घालतो. कारकुनी करता करता आम्हांला एक गोष्ट पक्की कळली आहे. खतावणीत रकान्याचा मथळाच चुकला, तर खालची बेरीज कितीही बिनचूक असो, हिशेब खोटाच! पाण्याच्या अहवालाचेही तसेच आहे.

आज अनेक प्रयोगशाळांत हे आकडे संगणकात भरतात. त्यात प्रत्येक चाचणीची मांडणी आधीच करून ठेवलेली असते. चाचणीचे नाव, पद्धत, एकक, यंत्राला मोजता येणारे कमीत कमी प्रमाण आणि मंजूर मर्यादा हे सारे तिच्यात येते. यालाच 'सेटिंग' म्हणतात. शेरा ठरतो तो या मांडणीवरून. म्हणून ती उघडून पाहिली पाहिजे.

मर्यादा कोणत्या सालची?

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आहे आय.एस. 10500. त्याच्या 1991 च्या आवृत्तीत शिशाची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम होती. 2012 मध्ये ती 0.01 वर आणली गेली. समजा, संगणकात जुनाच आकडा राहिला आणि पाण्यात 0.03 शिसे निघाले, तर कागदावर 'योग्य' छापून येईल. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसे घातक असते.

'आढळले नाही' म्हणजे काय?

यंत्राला 0.05 च्या खालचे मोजताच येत नसेल, तर 0.03 शिसे असूनही ते 'आढळले नाही' असेच लिहिले जाईल. म्हणून या शब्दांशेजारी मोजता येणारे कमीत कमी प्रमाण किती, ते पाहावे.

एकक व नाव

नायट्रेटची मर्यादा 45 आहे. काही प्रयोगशाळा मात्र त्यातला फक्त नायट्रोजन मोजून लिहितात. त्या हिशेबाने 12 हा आकडा दिसायला लहान, पण नायट्रेट म्हणून तो 53 होतो! असे पाणी वरच्या दुधात मिसळून तान्ह्या बाळाला पाजणे धोक्याचे. माताभगिनींनी हेही ध्यानात ठेवावे की उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट, शिसे व क्षार जात नाहीत.

आमच्या जूचंद्रच्या आसपास खाडी आणि मिठागरे. अशा भागात विहिरीच्या व बोअरच्या पाण्यातले क्षार पाहावेच लागतात. विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा 500, आणि दुसरे पाणी मिळतच नसेल तर 2000 पर्यंत सूट. संगणकात यांपैकी कोणती मर्यादा घातली आहे, यावर 1500 क्षारांचे पाणी 'योग्य' की 'अयोग्य' हे ठरते.

जंतूंच्या बाबतीत सूट नाही. 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू एकही चालत नाही. त्यासाठी नमुना निर्जंतुक बाटलीत घेऊन, थंड ठेवून, 24 तासांच्या आत तपासायला लागावा लागतो. नमुना घेतल्याची व तपासणी सुरू केल्याची वेळ अहवालात आहे का, हेही पाहावे.

शुद्ध-अशुद्ध कोणी ठरवायचे, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही तळ्यात ओतून ते 'शुद्ध' केले! प्रयोगशाळेच्या कसोटीवर त्या शुद्धीची काय गत झाली असती? पाणी माणसाच्या जातीने बाटत नाही, जंतूंनी व विषांनी बाटते, हे चाचणी सांगते. पण चाचणीची मांडणी उघड असेल तरच तिच्यावर विश्वास ठेवता येईल.

आपण काय करावे?

माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 खाली 10 रुपये शुल्क भरून पाणी पुरवणाऱ्या कार्यालयाकडे अर्ज करता येतो. उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. अर्जात नुसता अहवाल मागू नका. 'प्रत्येक चाचणीची पद्धत, एकक, मोजता येणारे कमीत कमी प्रमाण व वापरलेली मर्यादा यांच्या तक्त्याची प्रत द्यावी' असे स्पष्ट लिहा.

चाळीतल्या शिकल्या-सवरल्या मुलांनी हा अर्ज लिहावा, आणि तक्ता आला की घराघरांतून तो वाचून दाखवावा.