बारा अक्षरांचा परार्ध

दिवाळीच्या सुट्टीत आलेली माझी भाची सकाळी साडेनऊला लॅपटॉप उघडून बसली. दुपारी जेवायला हाक मारली तोवर तिचा खेळ सुरूच झाला नव्हता. इतका वेळ ती कॅरेक्टर बनवत होती. जादूचं जग, ऑनलाइन खेळ आणि त्यात उतरणारी टोकदार कानांची एक उंच एल्फ. नाक थोडं बारीक, हनुवटी किंचित पुढे. केस आधी चंदेरी, मग जांभळे, मग पुन्हा चंदेरी. सगळं मनासारखं जुळलं तेव्हा शेवटी नाव टाकायची चौकट आली आणि तिथे गाडी अडली.

"मामा, हेही नाव गेलंय. नऊ नावं टाकून बघितली मी."

नावं संपतात कशी? जेवण झाल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

अशा खेळांतला सर्वांत गाजलेला वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. तो २३ नोव्हेंबर २००४ ला सुरू झाला. त्यात नाव कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त बारा अक्षरांचं असावं लागतं. रोमन लिपीची साधी २६ अक्षरं धरू आणि शिवीगाळीचे वगैरे नियम बाजूला ठेवू. दोन अक्षरांची नावं होतात २६ गुणिले २६, म्हणजे ६७६. तीन अक्षरांची १७,५७६. चार अक्षरांची साडेचार लाखांच्या पुढे. एकेक अक्षर वाढतं तसं आधीच्या आकड्याला २६ ने गुणायचं. बाराव्या अक्षरापर्यंत जाऊन सगळ्यांची बेरीज केली की हातात येतं:

९९,२४,६१,१४,९२,८१,४९,४३६.

हा आकडा वाचायलाच जीभ अडखळते, पण आपल्याकडे त्यासाठी शब्द आहेत. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त दहा-दहा पटींनी चढत जाणारी अठरा स्थानं दिली आहेत. कोटीनंतर अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधि, अंत्य, मध्य आणि अठरावं परार्ध. एकावर सतरा शून्यं. मोजण्याचा त्यांचा जिना नेमका त्याच पायरीवर थांबतो जिथे ही बारा अक्षरांची चौकट भरते. आपली नावं एका परार्धाला शेकडा एकानेही कमी पडत नाहीत. हिशेब मी तीनदा तपासला, कारण पहिल्यांदा माझा विश्वासच बसला नाही. दर सेकंदाला एक याप्रमाणे ही नावं वाचत बसलं तर ३१४ कोटी वर्षं लागतील. पृथ्वीचं सगळं वय ४५४ कोटी वर्षांचं.

आणि तरी भाचीची नऊच्या नऊ नावं आधीच कुणीतरी घेतलेली.

जानेवारी २०१४ मध्ये ब्लिझर्ड या कंपनीने जाहीर केलं की वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये तोवर १० कोटी खाती उघडली गेली होती आणि ५० कोटींवर कॅरेक्टर जन्माला आली होती. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख भरली होती. म्हणजे चार महाराष्ट्र वसवून वर काही कोटी उरतील, एवढी वस्ती. नऊ वर्षांत रोज सरासरी दीड लाखाच्या आसपास, सेकंदाला पावणेदोन. खऱ्या जगात सेकंदाला चारच्या आसपास बाळं जन्मतात. एका खेळाने त्याच्या जवळपास निम्मा वेग गाठला होता.

आता ही ५० कोटी एकाच सर्व्हरवर आणली असं समजू. प्रत्येकाने डोळे मिटून त्या नावांच्या ढिगातून कुठलंही एक उचललं. किती जणांची नावं एकमेकांवर आदळतील? ५० कोटींतून दोघादोघांच्या जोड्या लावल्या की त्या होतात सव्वा परार्ध. कुठल्याही एका जोडीचं नाव एकच निघण्याची शक्यता नावांच्या संख्येत एक, म्हणजे जवळजवळ परार्धात एक. सव्वा परार्धाला परार्धाने भागा. उत्तर सव्वा. चार महाराष्ट्रांहून मोठ्या वस्तीत फक्त एखाद्या जोडीचं नाव जुळेल, बाकी सगळे निरनिराळे.

अडचण अशी की डोळे मिटून कुणीच नाव ठेवत नाही. त्या परार्धातली बहुतेक नावं 'क्सट्ग्व्प्ल्झ्र' छापाची आहेत. नाव उच्चारता आलं पाहिजे, लढाईच्या गर्दीत सोबत्याला हाक मारता आली पाहिजे. म्हणून एक व्यंजन, एक स्वर, पुन्हा व्यंजन, पुन्हा स्वर अशी सहा अक्षरं घेऊन बघू, 'सारिला'सारखी. रोमनमध्ये ही सहा अक्षरं, पण आपल्या कानाला तीनच: सा-रि-ला. २१ व्यंजनं आणि ५ स्वर यांच्या जोड्या होतात १०५. असे तीन ठोके म्हणजे १०५ गुणिले १०५ गुणिले १०५, एकूण ११,५७,६२५. परार्धावरून घसरत आपण थेट साडेअकरा लाखांवर आलो! त्या काळच्या रोजच्या दीड लाखांच्या वेगाने एका सर्व्हरवरचा हा साठा आठ दिवसांच्या आत संपला असता, बाळाचं बारसंही व्हायच्या आधी. त्या खेळात अनेक वेगवेगळे सर्व्हर असत आणि एका सर्व्हरवर गेलेलं नाव दुसऱ्यावर मिळे, म्हणून निभावलं.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हेच तीन ठोके आपल्या बाराखडीत घेतले, ३४ व्यंजनं आणि प्रत्येकाची बारा रूपं, तर एका ठोक्याला ४०८ पर्याय मिळतात आणि तीन ठोक्यांची नावं होतात ६,७९,१७,३१२. जवळजवळ एकोणसाठ पट. 'त' आणि 'ट', 'द' आणि 'ड', ऱ्हस्व आणि दीर्घ असा भेद करणाऱ्या लिपीत राहायला किती जागा आहे!

ही गुणाकाराची मौज कॉम्प्युटरच्याही आधीची आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला. कागद, पेन्सिल आणि फासे. कॅरेक्टरचे गुण सहा: बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि प्रभाव. प्रत्येकासाठी तीन फासे टाकायचे आणि बेरीज लिहून घ्यायची. बेरीज ३ ते १८ यांपैकी काहीही, म्हणजे १६ शक्यता. सहा गुणांसाठी १६ ला सहा वेळा गुणलं की १,६७,७७,२१६. आपल्या पुराणांनी जीवाला चौऱ्याऐंशी लक्ष योनी सांगितल्या. त्यांचे दोन फेरे म्हणजे एक कोटी अडुसष्ट लाख. फाशांचा आकडा त्याला जेमतेम २२,७८४ ने कमी. निव्वळ योगायोग, पण मला तो फार आवडला.

सहाही गुण अठरा-अठरा पडलेला परिपूर्ण वीर किती दुर्मीळ? अठरा फासे, अठराही सहा. अशी शक्यता १०,१५,५९,९५,६६,६८,४१६ मध्ये एक. भास्कराचार्यांच्या भाषेत एक जलधि आणि वर थोडं. मिनिटाला एक कॅरेक्टर या वेगाने एकट्याने न थांबता फासे टाकत राहिलं तर असा वीर सरासरी १९ कोटी वर्षांनी एकदा निघेल. ज्या लाव्ह्यातून सह्याद्रीचा काळा कातळ झाला तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्या कातळाच्या वयाच्या जवळजवळ तिप्पट काळ, एका निर्दोष योद्ध्यासाठी.

आता भाचीच्या एल्फच्या केसांकडे या. पडद्यावरचा रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांतून बनतो आणि प्रत्येकाच्या पायऱ्या ० ते २५५, म्हणजे २५६. तिन्हींचा गुणाकार पुन्हा तोच, अंकाला अंक: १,६७,७७,२१६. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचे जवळजवळ दोन फेरे, आणि तेही केसांच्या एका बटेत. सकाळी चंदेरी की जांभळा यात तिचा तास गेला तो उगाच नव्हता.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने सुरुवातीला मात्र हात आखडता घेतला होता. आठ वंश, नऊ व्यवसाय, गुणाकार ७२. पण परवानगी होती फक्त ४० जोड्यांना. पॅलाडिन व्हायचं तर माणूस किंवा बुटकाच हवा, ड्रुइड व्हायचं तर नाइट एल्फ किंवा बैलमुखी टॉरेनच. स्त्री आणि पुरुष धरून ८०. चेहरे, केस, दाढ्या यांचे पर्याय वेगळे, पण दुरून दिसणारी आकृती त्या मोजक्या वंशांतलीच एक. मला यात शहाणपण दिसतं. धुळीत उठलेली सावली कुणाची, हे समोरच्याला क्षणात ओळखता यायला हवं.

पुढच्या खेळांनी दरवाजे सताड उघडले. कोरियाच्या पर्ल ॲबिस कंपनीच्या ब्लॅक डेझर्ट ऑनलाइनमध्ये गाल, भुवई, ओठ माउसने धरून ओढता येतात, मातीची मूर्ती घडवावी तसे. आपण त्याहून साधा नमुना घेऊ: चेहऱ्यासाठी २० स्लायडर, प्रत्येक ० ते १०० वर सरकणारा. एका स्लायडरच्या १०१ जागा. वीस वेळा गुणल्यावर जो आकडा येतो तो ४१ अंकी आहे. परार्धाला परार्धाने गुणलं तरी ३५ अंकांवर थांबतं. हा त्याच्याही लाखपटींच्या पलीकडे.

यातले असंख्य चेहरे डोळ्याला एकच वाटतील, हे खरं. नाक ४१ वर आहे की ४२ वर, हे आईलाही कळणार नाही. म्हणून कठोर होऊ आणि प्रत्येक स्लायडरच्या फक्त पाच जागा डोळ्याला वेगळ्या कळतात असं मानू. तरीही ९,५३,६७,४३,१६,४०,६२५ चेहरे उरतात. आठ अब्ज माणसांनी वाटून घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे बारा हजार. रोज एक चेहरा लावून बाहेर पडायचं म्हटलं तरी बत्तीस वर्षं पुरतील.

आणि एवढ्या अफाट ढिगातून निवडलेला एक चेहरा साठवायला जागा किती लागते? ० ते १०० मधला एक आकडा एका बाइटमध्ये मावतो. वीस स्लायडर, वीस बाइट. दाबून बसवले तर १३४ बिट, म्हणजे १७ बाइट. कॉम्प्युटरच्या नेहमीच्या युनिकोड पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. 'परार्ध' हा शब्द लिहायला प, र, काना, र, हलन्त आणि ध अशी सहा चिन्हं लागतात, एकूण १८ बाइट. ४१ अंकी संख्येतून हुडकलेला चेहरा या एका शब्दापेक्षा एक बाइट कमी जागेत राहतो.

मी हे सगळं भाचीला दाखवलं. तिने आकडे नीट वाचले, परार्ध हा शब्द दोनदा म्हणून बघितला आणि मग विचारलं, "पण मग नाव काय ठेवू?" मी म्हटलं, जे नाव तुझ्याआधी कुणाच्या मनात आलं नसेल असं बघ. ती थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसली. गेल्या पावसाळ्यात ती बाबांबरोबर राज्यातल्या सर्वांत उंच शिखरावर जाऊन आली होती, लोखंडी शिड्यांवरून, धुक्यात. तिने रोमन लिपीत आठ अक्षरं टाइप केली आणि एंटर दाबलं.

त्या सर्व्हरवर कळसूबाई नव्हती. सव्वातीन वाजता ती जंगलात उतरली, चंदेरी केसांची, हातात काठी.