एका मोडेमवर सारे घर

दूरध्वनीची तार घरात एकच आलेली आणि संगणक मात्र दोन, अशी स्थिती २००० नंतरच्या दशकात अनेक शहरी घरांत उद्भवली. पहिला संगणक पुढच्या खोलीत, काही वर्षांनी घेतलेला दुसरा आतल्या खोलीत. इंटरनेटचे देयक महिन्याकाठी एकच भरले जाई. तेव्हा त्याचा लाभ दोन्ही खोल्यांना मिळावा ही अपेक्षा रास्तच होती. परंतु ती पुरी करू गेले की चमत्कारिक अनुभव येत. आत मुलगी महाविद्यालयाचा प्रवेश-अर्ज भरीत असावी, शुल्काचा भरणा अर्ध्यावर आलेला असावा, आणि पुढच्या खोलीत वडिलांनी आपले काम आटोपून, वीज वाचवावी या सद्हेतूने, संगणक बंद करावा. अर्ज तेथेच थांबे. शुल्क पोचले की वाटेत राहिले, हे कळण्यास लगेच मार्ग नसे. मग घरात जो संवाद होई त्यात दोघेही स्वतःला निर्दोष समजत, आणि दोघांचेही म्हणणे खरे असे.

या घोटाळ्याचे मूळ यूएसबी मोडेमच्या घडणीत आहे. तारेतून येणारे विद्युत्-संकेत संगणकाला समजतील अशा अंकांत बदलणे आणि संगणकाचे अंक पुन्हा तारेवर चढविणे, हे मोडेमचे काम. ते त्याने कोणत्या मार्गाने संगणकापर्यंत पोचवावे, हा मात्र निराळा प्रश्न आहे. १९९६ साली प्रमाणित झालेली यूएसबी जोडणी मुख्यतः कळफलक, माउस, मुद्रणयंत्र अशा उपकरणांसाठी योजलेली होती. तिच्यात दर्जाचा भेद मुळातच आहे: संगणक हा यजमान, उपकरण हे आश्रित. यजमानाने विचारावे तेव्हाच आश्रिताने बोलावे, असा तिचा दंडक. आणि एका आश्रिताला एका वेळी दोन यजमान करता येत नाहीत. इथरनेट या दुसऱ्या प्रकारच्या जोडणीत असा भेद नाही. तेथे सर्व यंत्रे बरोबरीची असतात व कोणीही कोणाशी बोलू शकते.

मग मोडेमसाठी यूएसबी का निवडली गेली? कारण ती स्वस्त पडे. यजमानाची बुद्धी वापरावयाची म्हटल्यावर मोडेममध्ये स्वतंत्र बुद्धी घालण्याचा खर्च वाचतो. ब्रिटनमध्ये घरगुती एडीएसएल सेवेच्या आरंभीच्या काळात ग्राहकांकडे दिसणारा अल्काटेलचा स्पीडटच यूएसबी मोडेम हे याचे ठळक उदाहरण. त्याला चालविणारी आज्ञावलीसुद्धा त्याच्यापाशी कायम राहत नसे. तो जोडला की दर वेळी संगणकाने ती त्याच्यात भरावी लागे. भारतात सार्वजनिक क्षेत्रातील ब्रॉडबँड सेवा २००५ च्या आरंभी सुरू झाली. येथील काही मोडेमना यूएसबी आणि इथरनेट अशा दोन्ही खाचा असत. पण संगणकात लॅन-कार्ड नसेल तर सोयीसाठी यूएसबीचीच तार लावली जाई. वेगाची अडचण नव्हती. १९९८ च्या यूएसबीचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट, आणि २००४ च्या धोरणाने ब्रॉडबँडसाठी ठरविलेली किमान मर्यादा २५६ किलोबिट. अडचण होती ती अवलंबित्वाची.

तात्पर्य, असा मोडेम दोघांत वाटून घेता येत नाही. वाटता येते ती यजमान संगणकाला मिळालेली जोडणी. आणि ती वाटण्याचे काम त्या संगणकालाच करावे लागते. ते कसे चालते हे सरकारी कचेरीच्या उदाहरणाने चटकन ध्यानात येईल. कचेरीत कार्यासने अनेक असतात, परंतु बाहेरच्या जगाला ठाऊक असलेला पत्ता एकच. एखाद्या कार्यासनाकडून पत्र निघाले की बारनिशीचा कारकून त्यावर जावक क्रमांक घालतो आणि तो कोणाचा, हे नोंदवहीत टिपून ठेवतो. उत्तर येते ते त्या क्रमांकाचा हवाला देऊन. वही पाहून कारकून ते नेमक्या टेबलावर पोचवितो. यजमान संगणक हेच करतो. सेवा देणारी कंपनी घराला एकच जाहीर पत्ता देते. आतल्या संगणकांना १९२.१६८ ने आरंभ होणारे खाजगी पत्ते असतात. असे पत्ते अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आले, आणि ते घराबाहेर जात नसल्यामुळे लाखो घरांत एकाच वेळी तेच वापरता येतात. पत्ता बदलण्याची ही युक्ती १९९४ मध्ये एगेव्हांग आणि फ्रान्सिस यांनी एका टिपणात मांडली. तत्कालीन व्यवस्थेत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच होते आणि ते कधीतरी संपणार, ही चिंता त्यामागे होती.

आता वडिलांनी संगणक बंद केला म्हणजे काय झाले, हे उघड आहे. बारनिशीला कुलूप लागले. इतकेच नव्हे, ही नोंदवही संगणकाच्या स्मृतीत असल्याने तीही पुसली गेली. संगणक पुन्हा चालू केला तरी आधीच्या पत्रांची उत्तरे कोणाला द्यावयाची, हे कारकुनाला सांगता येत नाही.

ही सोय सामान्य माणसाच्या हाती आली ती १९९९ च्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर. यजमानात एक लॅन-कार्ड बसवावयाचे, त्यातून दुसऱ्या संगणकाकडे तार न्यावयाची, आणि मोडेमच्या जोडणीवर ‘वाटून घ्या’ अशी खूण करावयाची. पुष्कळ जण ही खूण चुकून लॅन-कार्डावर करीत आणि मग दिवसभर तारा तपाशीत बसत. यजमानाला १९२.१६८.०.१ हा पत्ता मिळे. विंडोज ७ मध्ये तो १९२.१६८.१३७.१ असा झाला, त्यामुळे जुन्या सूचना वाचून काम करणारे फसत.

याहून फसवा दोष निराळाच. काही पृष्ठे झटकन उघडत, काही अर्ध्यावर थिजत. आणि गंमत अशी की यजमान संगणकावर सर्व काही सुरळीत असे. याचे कारण पुडक्यांच्या आकारात आहे. इथरनेटवर एका पुडक्यात १,५०० बाइट मावतात. पण भारतात सर्रास वापरली जाणारी पीपीपीओई पद्धत आपल्या वेष्टनासाठी त्यांतले ८ घेते; उरतात १,४९२. यजमानाला हे ठाऊक असते, आतल्या संगणकाला नसते. तो दूरच्या सर्व्हरला पूर्ण आकाराचीच पुडकी चालतील असे कळवितो. ती वाटेत अडतात. ‘आकार लहान करा’ असा निरोप उलट जातो खरा, परंतु कित्येक ठिकाणी सर्व्हरपुढचा पहारेकरी तो आत जाऊ देत नाही. परिणामी लहान पृष्ठ येते, मोठे येत नाही. आतल्या संगणकावर मर्यादा १,४९२ केली की हा दोष नाहीसा होतो.

बाकीच्या तक्रारी बहुधा विजेच्या. यूएसबीची मूळ खाच ५ व्होल्टवर फार तर ५०० मिलिअँपिअर देते. स्वतंत्र वीज नसलेल्या हबची खाच अवघे १०० देते. अशा हबवर मोडेम लावला तर तो दिवे लुकलुकवील, पण तग धरणार नाही. यूएसबीची तार ५ मीटरांपेक्षा लांब नेता येत नाही, इथरनेटची १०० मीटर जाते. शिवाय वीज वाचविण्यासाठी संगणक यूएसबीच्या खाचा मधूनच निजवितो. ती सोय मोडेमपुरती बंद ठेवणे इष्ट.

सुरक्षिततेची बाजू मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. बाहेरून न मागता आलेल्या पत्राची नोंद वहीत नसते, म्हणून ते आतल्या संगणकापर्यंत सहसा पोचत नाही. यजमान स्वतः मात्र रस्त्यावरच उभा असतो. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने असे संगणक केवळ इंटरनेटला जोडलेले आहेत एवढ्यावरून ग्रासले. कोणी काही उघडण्याचीही गरज पडली नाही. तेव्हा संरक्षक भिंत आधी यजमानावर उभारली पाहिजे.

ज्यांच्या मोडेमला दोन्ही खाचा होत्या त्यांचा मार्ग सोपा होता: तार इथरनेटच्या खाचेत हलवावी आणि, मोडेमला ते काम येत असेल तर, बारनिशी त्याच्याकडेच सोपवावी. आता फायबरच्या पेट्या हे सारे आपसूक करतात. तरीही जेथे तार पोचलेली नाही तेथे मोबाइल जाळ्यावर चालणारे यूएसबी डोंगल अद्याप वापरात आहेत. त्यांची एक निराळी खोड असते. पुष्कळ डोंगल प्रथम आपण सीडी असल्याचे भासवितात, म्हणजे आपली आज्ञावली संगणकाला देता यावी. नंतर ते मोडेमचे रूप घेतात. हे रूपांतर अडले की संगणकाला डोंगल दिसतो, पण जोडणी होत नाही. अशा घरी यूएसबी खाच असलेला आणि त्या डोंगलला ओळखणारा लहानसा राउटर आणावा. यजमानपण त्याच्याकडे जाते, आणि पुढच्या खोलीतील संगणक रात्री खुशाल बंद करता येतो.