एका रोगजंतूची कुळकथा

वसईच्या वाड्यांमधून सकाळच्या वेळी फेरफटका मारला, तर केळीच्या बागा, फुलांचे वाफे, जुन्या विहिरी आणि घरांच्या मागील अंगणात बांधलेली कोंबड्यांची खुराडी एकापाठोपाठ एक दृष्टीस पडतात. खुराड्याचे दार उघडले की कोंबड्या पंख फडफडवीत बाहेर येतात आणि माती उकरून दाणे व किडे टिपू लागतात. गावातील कित्येक कुटुंबांना या पक्ष्यांचा मोठा आधार असतो. अंड्यांच्या विक्रीतून आलेल्या चार पैशांवर मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागतो.

परंतु पावसाळ्याच्या दिवसांत एखादे वेळी निराळेच दृश्य दिसते. काल सायंकाळपर्यंत दाणे टिपणारी कोंबडी पिसे फुलवून कोपऱ्यात बसलेली असते. ती खात नाही, पीत नाही. आणि दुपारपर्यंत निपचित पडते. दुसऱ्या दिवशी आणखी दोन पक्षी जातात. कोणी म्हणते, “दृष्ट लागली.” कोणी म्हणते, “साथ आली.” मुलांनो, “साथ” हा एकच शब्द असला, तरी तिची कारणे अनेक असतात. २०२२ च्या फेब्रुवारी महिन्यात वसई-विरार भागातील कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता. तो विषाणूमुळे होणारा रोग. आज आपण ज्या रोगाची माहिती करून घेणार आहोत, तो मात्र एका जीवाणूमुळे होतो, आणि त्याचे कार्यक्षेत्र म्हणजे कोंबडीचे आतडे.

या जीवाणूचे नाव आहे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. नाव लांबलचक, पण देह एवढा सूक्ष्म, की सूक्ष्मदर्शक यंत्रावाचून तो दिसत नाही. अमेरिकेतील विल्यम वेल्च आणि जॉर्ज नटल या शास्त्रज्ञांनी १८९२ साली त्याचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. माती, सांडपाणी, माणसांची व प्राण्यांची आतडी अशा सर्व ठिकाणी त्याचा वास असतो. त्याला प्राणवायू मानवत नाही. प्रतिकूल काळ आला, की तो स्वतःभोवती टणक कवच निर्माण करून बीजाणूच्या रूपात पडून राहतो आणि अनुकूल काळाची वाट पाहतो. शेतकऱ्याने कणगीत जपून ठेवलेले बी पावसाची वाट पाहते, तसेच हे.

अनुकूल काळ आला, की त्याच्या वाढीला सीमा राहत नाही. भरपूर अन्न व योग्य ऊब मिळाली, तर सुमारे दहा मिनिटांत एका जीवाणूचे दोन होतात. तुम्हीच गणित करून पाहा. एका तासात एकाचे ६४ होतील, दोन तासांत ४,०९६ आणि तीन तासांत २,६२,१४४!

कोंबडीच्या आतड्यात तो असा माजला, म्हणजे आतड्याचे आतील अस्तर मरू लागते. मेलेल्या पक्ष्याची तपासणी करणाऱ्या पशुवैद्यांना ते अस्तर एखाद्या खरखरीत टॉवेलसारखे दिसते. कोंबड्यांमधील या रोगाचे वर्णन इंग्लंडमध्ये १९६१ साली करण्यात आले. आज कोंबडीपालन होणाऱ्या बहुतेक सर्व देशांत हा रोग परिचित आहे.

आता एक कोडे पाहा. हाच जीवाणू निरोगी कोंबडीच्या आतड्यातही आढळतो. मग तो एका पक्ष्याच्या पोटात गुण्यागोविंदाने राहतो आणि दुसऱ्याचा प्राण घेतो, असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर जीवाणूच्या जनुकांत दडलेले होते. प्रत्येक सजीवाच्या पेशीत एक प्रकारची पोथी असते. ती चार रासायनिक अक्षरांनी लिहिलेली असते. कोणते प्रथिन कसे बनवावे, याची कृती त्या पोथीतील ज्या भागात असते, त्याला आपण जनुक म्हणतो. जपानमधील शास्त्रज्ञांनी २००२ साली या जीवाणूच्या एका कुळाची संपूर्ण पोथी वाचून काढली. तिच्यात सुमारे तीस लाख अक्षरे आहेत.

हा जीवाणू ‘अल्फा’ नावाचे विष बनवतो, हे पूर्वीच ठाऊक होते. त्यामुळे कोंबड्यांच्या मृत्यूचा आरोप कित्येक वर्षे या अल्फा विषावरच ठेवण्यात आला होता. परंतु आरोप करणे वेगळे आणि तो सिद्ध करणे वेगळे. ऑस्ट्रेलियातील अँथनी कीबर्न व त्यांचे सहकारी यांनी रोगकारक जीवाणूच्या पोथीतील अल्फा विषाचे जनुक निकामी केले आणि तो जीवाणू कोंबड्यांना दिला. अल्फा विष हाच अपराधी असता, तर कोंबड्या निरोगी राहावयास हव्या होत्या. पण त्या तरीही आजारी पडल्या! २००६ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि ज्याला सर्वांनी अपराधी मानले होते, ते अल्फा विष आरोपातून बरेचसे मुक्त झाले.

मग खरा अपराधी कोण? त्याच संशोधकांनी शोध चालू ठेवला. २००८ साली त्यांनी एक नवे विष जगापुढे मांडले. त्याला ‘नेटबी’ असे नाव देण्यात आले. या विषाचे सात कण एकत्र येऊन आतड्याच्या पेशीच्या आवरणात कडे तयार करतात. त्या कड्याच्या मधोमध आरपार छिद्र पडते. होडीच्या तळाला भोक पडावे, तशी पेशीची अवस्था होऊन ती नष्ट होते.

येथेही शास्त्रज्ञांनी घाईने निर्णय दिला नाही. त्यांनी नेटबीचे जनुक निकामी केले. तेव्हा कोंबड्यांना रोग झाला नाही. ते जनुक जीवाणूला परत दिले. तेव्हा रोग पुन्हा उद्भवला. कारण काढून घेताच परिणाम नाहीसा झाला आणि कारण परत येताच परिणामही परत आला. पुरावा म्हणतात तो असा!

याहूनही आश्चर्याची गोष्ट पुढे आहे. नेटबीचे जनुक जीवाणूच्या मुख्य पोथीत नसते. ते एका लहानशा, वर्तुळाकार, सुट्या चोपडीत असते. तिला प्लाझ्मिड असे म्हणतात. ही चोपडी सुमारे ऐंशी-पंच्याऐंशी हजार अक्षरांची असते. वर्गातील एक मुलगा आपली वही दुसऱ्याला उतरवून घेण्यास देतो, त्याप्रमाणे एक जीवाणू दुसऱ्याला चिकटून या चोपडीची प्रत त्याला देऊ शकतो. जीवाणूंमधील अशी देवघेव जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टेटम यांनी १९४६ साली आतड्यात राहणाऱ्या दुसऱ्या एका जीवाणूत प्रथम दाखवून दिली होती. माणसाला जनुके आईवडिलांकडून मिळतात. जीवाणूला मात्र ती शेजाऱ्याकडूनही मिळू शकतात! कालचा निरुपद्रवी जीवाणू आज विषारी होऊ शकतो, तो असा.

तरीपण सगळा दोष जनुकाच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. नेटबीचे जनुक असलेले जीवाणू निरोगी कोंबड्यांतही सापडतात. जनुक हे बी आहे; त्याला रुजण्यासाठी जमीनही तशीच लागते. ती जमीन बहुधा दोन गोष्टी तयार करतात. पहिली गोष्ट म्हणजे रक्ती हगवण. हा रोग आणणारे दुसरेच सूक्ष्म परोपजीवी आतड्याचे अस्तर फाडतात, आणि जीवाणूला आयते अन्न मिळते. ओलसर, दमट खुराड्यात या परोपजीवींचे फावते. आणि आपल्या कोकणपट्टीतील पावसाळा तर त्यांना पर्वणीच! दुसरी गोष्ट म्हणजे खाद्य. आपल्या किनाऱ्यावर मासळी वाळत घातलेली तुम्ही पाहिली असेल. सुक्या मासळीची भुकटी कोंबड्यांना पौष्टिक असते, हे खरे. पण तिचे प्रमाण फार वाढले, तर आतड्यातील या जीवाणूचीही चंगळ होते.

रोग टाळण्यासाठी जगातील कोंबडीपालकांनी अनेक वर्षे एक सोपी वाट धरली होती. पक्षी निरोगी असतानाच त्यांच्या रोजच्या खाद्यात थोडे थोडे प्रतिजैविक औषध मिसळावयाचे. परंतु औषधाला दाद न देण्याची कृतीही जीवाणू सुट्या चोपड्यांत लिहून ठेवतात. ज्या घराण्यातील प्लाझ्मिडे नेटबीचे विष वाहून नेतात, त्याच घराण्यातील एक प्लाझ्मिड टेट्रासायक्लिन या औषधाला निष्प्रभ करणारे जनुक वाहून नेते. औषधाचा वापर जितका बेसुमार, तितकी अशा जीवाणूंची भरभराट अधिक. कारण बाकीचे मरतात आणि हे उरतात. पुढे माणसाला त्याच औषधाची गरज पडते, तेव्हा ते लागू पडेनासे होते. म्हणूनच युरोपीय संघाने पशुपक्ष्यांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात प्रतिजैविके घालण्यास १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंदी केली. माणसाच्या गंभीर आजारात अखेरचा आधार ठरणारे कोलिस्टिन हे औषध खाद्यासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांना देण्यास भारत सरकारने २०१९ साली मनाई केली.

तेव्हा अंगणातील कोंबड्यांचे रक्षण कसे करावे? खुराड्यातील भुसा कोरडा ठेवावा व ओला झाल्यास लगेच बदलावा. पाण्याची भांडी रोज घासावी. खाद्यात एकाएकी बदल करू नये. पक्षी आजारी दिसताच त्याला वेगळे ठेवावे. पशुवैद्याच्या सल्ल्यावाचून औषधाची पुडी पाण्यात मिसळू नये. खुराडे साफ केल्यावर साबणाने हात स्वच्छ धुवावे.

हे उपाय अगदी साधे आहेत. पण जीवाणूच्या पोथीतील लाखो अक्षरे वाचणाऱ्या शास्त्रज्ञांनाही अखेरीस त्यांचाच पुरस्कार करावा लागला आहे. शत्रूच्या हाती विषाची चोपडी कधी येईल, हे आपल्या हाती नाही. त्याला रुजावयास ओली जमीन मिळू न देणे, हे मात्र पूर्णपणे आपल्याच हाती आहे.