वैर म्हणजे पुरावा नव्हे



मी शाळेंत शिकवीत असतां एके दिवशीं वर्गांतील पृथ्वीचा गोल फुटलेला आढळला. तो ज्याच्या ताब्यांत असे, त्या मुलाशीं आदल्याच दिवशीं भांडलेल्या एका विद्यार्थ्याकडे सर्वांनीं बोट दाखविलें, आणि मींही अधिक चौकशी न करितां त्याला शिक्षा केली. पुढें आठवड्यानें शिपायानें सांगितलें कीं, झाडतांना तो गोल त्याच्याच हातून पडला होता. अमेरिकेंतील एका खुनाची हकीकत वाचतांना मला या प्रसंगाची आठवण झाली.

न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागांत १९७३ च्या सुमारास कृष्णवर्णीय तरुणांच्या मेळाव्यांतून 'रॅप' हा प्रकार उदयास आला. यांत गावयाचें नसून ठेक्यावर यमकबद्ध बोलावयाचें असतें. आणि आपल्याकडील कलगी-तुऱ्याप्रमाणें प्रतिपक्षाला शब्दांनीं चीत करणें हें या कलेंतही भूषणच मानलें जातें.

क्रिस्तोफर वॉलेस ऊर्फ नोटोरियस बी. आय. जी. हा या कलेंतील अग्रगण्य पुरुष. त्याचा जन्म १९७२ सालीं न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथें झाला. त्याची आई व्होलेटा ही मूळची जमेका बेटांतील. शिक्षिकेचें काम करून तिनें एकटीनें त्याला वाढविलें. लॉस एंजलिसच्या बाजूचा पुढारी तुपाक शकूर हा प्रारंभीं वॉलेसचा स्नेही होता. परंतु ३० नोव्हेंबर १९९४ रोजीं न्यूयॉर्कमधील एका ध्वनिमुद्रणगृहाच्या दाराशीं तुपाकला लुटून त्याच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या. वॉलेस त्या वेळीं त्याच इमारतींत होता. तुपाकच्या मनांत संशयानें घर केलें. वॉलेसनें आरोप साफ नाकारला. दोघांच्या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांत चुरस होती. नियतकालिकांनीं तिला 'पूर्व विरुद्ध पश्चिम' असें युद्धाचें रूप दिलें.

७ सप्टेंबर १९९६ रोजीं लास व्हेगास येथें मोटारींत बसलेल्या तुपाकवर पुन्हां गोळीबार झाला व सहा दिवसांनीं तो वारला. त्याचें वय २५ होतें. पुढें ९ मार्च १९९७ रोजीं मध्यरात्र उलटल्यावर लॉस एंजलिसमधील पीटरसन मोटार-संग्रहालयांतील मेजवानीहून वॉलेस परतत होता. चौकांत तांबडा दिवा लागला, मोटार थांबली, शेजारीं एक काळसर मोटार येऊन उभी राहिली आणि तींतून गोळ्या सुटल्या. चार गोळ्या लागून तो २४ व्या वर्षीं मरण पावला.

लोकांनीं तत्काळ निर्णय दिला: एका खुनाचा सूड म्हणून दुसरा! ही उपपत्ति इतकी सोपी आहे कीं, तिच्यापुढें प्रश्न विचारण्याची गरजच वाटूं नये. पण वैर हें कारणाचें अनुमान झालें, पुरावा नव्हे. न्यायासनापुढें गोळी झाडणारा हात दाखवावा लागतो. जेथें टोळ्यांची दहशत आहे आणि पोलिसांवर भरंवसा नाहीं, तेथें पाहणारा मनुष्यही तोंड उघडीत नाहीं.

पोलिसांपैकींच कांहींजण या कटांत होते, असा आरोप करून व्होलेटाबाईंनीं २००२ सालीं लॉस एंजलिस शहरावर दावा लावला. २००५ सालीं सुनावणी चालू असतां पोलिसांकडील महत्त्वाचे कागद दडविले गेल्याचें उघड झालें. न्यायाधीशांनीं ती सुनावणी रद्द ठरविली व खर्चापोटीं सुमारें ११ लक्ष डॉलर शहरावर बसविले. तथापि आरोप सिद्ध न होतां २०१० सालीं दावा निकालांत निघाला. तुपाकच्या प्रकरणीं २०२३ सालीं एकास अटक झाली, तीही त्याच्याच जाहीर कथनांच्या आधारें; आरोप त्याला मान्य नाहीं. वॉलेसच्या खुनाबद्दल मात्र कोणावरही खटला उभा राहिलेला नाहीं. फेब्रुवारी २०२५ मध्यें व्होलेटाबाई निवर्तल्या.

माझ्या वर्गांतील त्या मुलाची क्षमा मागण्यास मला अवसर मिळाला, कारण शिपाई खरें बोलला. व्होलेटाबाईंनीं अठ्ठावीस वर्षें वाट पाहिली. परंतु खरें जाणणारा कोणी पुढें आला नाहीं.