काळ्या दगडावरची रेघ

कायम टिकणाऱ्या गोष्टीला आपण 'काळ्या दगडावरची रेघ' म्हणतो. माणसाच्या आयुष्याच्या मापाने ते खरेही आहे. पण स्वतः काळा दगड काय म्हणतो, हे कधी आपण विचारले आहे का? तो म्हणेल, "बाबांनो, मी काही पहिल्यापासून असा नव्हतो, आणि पुढेही असा राहणार नाही."

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग याच काळ्या दगडाने व्यापला आहे. शास्त्रात त्याला बेसाल्ट म्हणतात. आपला पाटा-वरवंटा त्याचा, जाते त्याचे, किल्ल्यांचे तट त्याचे आणि वेरूळचे कैलास लेणेही त्यातच कोरलेले. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथली जमीन भेगाळली आणि त्या भेगांतून तप्त शिलारस बाहेर पडला. त्याचे तापमान हजार अंशांहून अधिक होते. टोकदार ज्वालामुखी पर्वत उभा राहावा, तसे इथे फारसे झाले नाही. दूध उतू जावे तसा हा रस चहूकडे पसरला आणि थिजला. मग काही काळ शांतता. पुन्हा नवा लोट. असे थरावर थर चढत गेले. खंडाळ्याच्या किंवा माळशेजच्या घाटात डोंगराच्या कड्यांकडे नीट पाहा. पायऱ्या रचल्यासारखे आडवे पट्टे दिसतील. म्हणूनच या खडकांना 'ट्रॅप' हे नाव पडले. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ जिना असाच आहे.

दोन लोटांच्या मधल्या काळात वरचा खडक कुजून माती होई, कुठे तळी साचत, झाडेझुडपे वाढत. मुंबईत वरळीला अशाच एका थरात बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. घाटांत दोन कातळांमध्ये विटकरी रंगाच्या मातीचा पट्टा दिसतो, तोही बहुतेक ठिकाणी त्या विश्रांतीच्या काळाचाच साक्षीदार.

आता प्रश्न असा, की काळा दगड इतका बारीक कणांचा का, आणि ग्रॅनाइटमध्ये मात्र दाणे डोळ्यांना का दिसतात? उत्तर थंड होण्याच्या वेगात आहे. पाक सावकाश निवला की खडीसाखरेचे खडे मोठे होतात, तसेच हे. ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात हळूहळू निवतो. बेसाल्ट उघड्यावर लवकर थिजतो. थिजताना लोटाच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकतात आणि खडक सच्छिद्र होतो. पुढे त्या पोकळ्यांत पाण्यातून आलेली खनिजे साचतात. विहीर खणताना निघणाऱ्या पांढऱ्या, चकाकणाऱ्या गारगोट्या पुष्कळदा याच. रसापासून बनलेल्या अशा खडकांना अग्निजन्य खडक म्हणतात.

पण ऊन, पाऊस आणि हवा या कातळाला स्वस्थ बसू देत नाहीत. पाणी फटींतून शिरते, कडा झिजतात, कांद्याच्या पाकळ्यांसारखे पापुद्रे सुटतात. कातळाचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. गंमत पाहा, घाटाच्या पूर्वेला कमी पावसात याच दगडापासून कापसाची काळी माती झाली. तर कोकणात आणि घाटमाथ्यावर धो धो पावसाने त्यातील सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले, आणि तांबडा जांभा तयार झाला. खाणीतून काढताना जांभ्याचा चिरा मऊ असतो. वाऱ्याउन्हात तो टणक होतो. आई एकच, पण पावसाने दोन लेकरांचे रंग वेगळे केले!

धुपलेली माती नद्या वाहून नेतात. गोदावरी आणि कृष्णा आपला गाळ बंगालच्या उपसागराकडे नेतात. गाळावर गाळ साचतो, वरच्या भाराने खालचा दाबला जातो, कण एकमेकांना चिकटतात, आणि पुन्हा खडक होतो. हा स्तरित खडक. चंद्रपूरकडचा वाळूचा दगड आणि त्याच्या सोबतीचा कोळसा असाच, काळ्या दगडाच्याही कितीतरी आधीच्या नद्यांच्या खोऱ्यांत साचलेला.

तिसरा प्रकार रूपांतरित खडकांचा. जुना खडक खोल गाडला गेला, उष्णता आणि दाब सोसत राहिला, की न वितळताही त्याचे रूप पालटते. चुनखडीचा संगमरवर होतो, चिखलाच्या दगडाची पाटी होते. ताजमहालाचा मकराण्याचा संगमरवर हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. आपल्या काळ्या दगडाखालीही असे प्राचीन खडक दडलेले आहेत. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपानंतर प्रसिद्ध झालेल्या कोयना भागात या शतकात खोल छिद्रे घेतली गेली. सुमारे एक किलोमीटर बेसाल्ट ओलांडल्यावर खाली ग्रॅनाइटच्या जातीचा, पट्टेदार, अतिप्राचीन खडक लागला.

म्हणजे रसाचा खडक, खडकाची माती, मातीचा पुन्हा खडक, आणि तो खोल जाऊन वितळला तर पुन्हा रस. हे रहाटगाडगे स्कॉटलंडच्या जेम्स हटन यांनी 1785 मध्ये विद्वानांपुढे मांडले, तेव्हा पृथ्वीचे वय अवघे काही हजार वर्षे समजणाऱ्यांना ते पटेना. आज आपण ते वय सुमारे साडेचार अब्ज वर्षे मानतो.

आपण म्हणाल, "हे सारे ठीक, पण आम्हांला त्याचा उपयोग काय?" उपयोग पाण्याचा आहे. अखंड, घट्ट कातळ पाणी धरीत नाही. पाणी राहते ते मुरमात, भेगाळलेल्या भागात, सच्छिद्र थरात आणि दोन लोटांच्या सांध्यात. म्हणून एकाच शेतात एक विहीर भरलेली आणि शंभर पावलांवरची कोरडी, असे घडते. 1972 च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात कूपनलिका वाढत गेल्या. पाणी लागले नाही की आणखी खोल जाण्याचा मोह होतो. पण घट्ट कातळात नुसती खोली वाढवून पाणी येतेच असे नाही. कर्ज मात्र खात्रीने वाढते.

तेव्हा विहिरीला हात घालण्यापूर्वी जवळच्या ओढ्याची दरड आणि शेजाऱ्याच्या विहिरीची भिंत पाहून या. मुरूम किती हात आहे, भेगा कुठे आहेत, ओल कोणत्या थरातून पाझरते, हे टिपून ठेवा आणि भूजल जाणणाऱ्याला दाखवा. पावसाचे पाणी मुरमात मुरेल अशी सोय बांधबंदिस्तीने आधी करा. कारण कातळाच्या फटीत जे आपण मुरू दिले, तेच उन्हाळ्यात आपल्या पोहऱ्यात येते.